पिशवीबरोबर काय गेलं?

दसरा झाला की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, पीठ, पांघरुणं, एखादी शेळी आणि लेकरं घालून माणसं कोल्हापूर-सांगलीकडे, सोलापूर-नगरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगावच्या कारखान्यांकडे निघतात. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल तेव्हा त्यांतली बरीच जणं फडात पोचलेली असतील. नवराबायको मिळून तिथे एक 'कोयता' होतो. मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्याला, आणि दोघांपैकी एकाने जरी काम बुडवलं तरी खाडा पडतो तोही कोयत्यालाच. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसणं बाईला परवडत नाही ते यामुळे.

काही वर्षांपूर्वी माजलगावच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंशी बोलणं निघालं. वय फार तर पस्तीस. "पिशवी काढली बगा, कटकट गेली," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "पिशवीबरोबर आणखी काही काढलं का?" त्या हसल्या. "ते डॉक्टरला ठाव." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, पण तेव्हापासून अंगाची लाही होते, रात्री झोप येत नाही, कंबर धरते.

बीडच्या या 'पिशवी'वर बरंच लिहून झालं आहे. जून २०१९मध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी, एकनाथ शिंदे यांनी, विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के होतं, देशात ३.२ टक्के. उचल, खाडा, मुकादम, खासगी दवाखाना या साखळीची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली आणि ती योग्यच होती.

माझा प्रश्न त्या साखळीच्या एका लहान कडीपुरता आहे. 'पिशवी' हा शब्दच मला फसवा वाटतो. पिशवी रिकामी झाली की घडी घालून टाकून देता येते. ती कशाला जोडलेली नसते. गर्भाशय मात्र जोडलेलं असतं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बदामाएवढे दोन बीजकोश असतात तेही जोडलेले असतात: एकमेकांशी, रक्ताशी, चेतातंतूंशी आणि चेतातंतूंमार्फत मेंदूशी. ही जोडणी कशी आहे, हे कळायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षं लागली. त्याची सुरुवात एका सशिणीपासून झाली.

१९०५ साली वॉल्टर हीप या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की सशिणीचं बीज आपोआप सुटत नाही. नर भेटला तरच, आणि भेटीनंतर साधारण दहा तासांनी सुटतं. मांजरीचंही असंच आहे. गाय, शेळी, उंदीर, माकड आणि बाई यांचं बीज मात्र ठरलेल्या चक्रानुसार सुटतं, नर असो वा नसो. हीपच्या सशिणीने एक सरळ प्रश्न उभा केला. स्पर्श झाला तो शरीराच्या एका टोकाला, बीज सुटलं दहा तासांनी पोटात. मधल्या वेळात निरोप कोणी नेला? चेतातंतूंनी नेला म्हणावं तर तो क्षणात पोचायला हवा होता. दहा तास कसले लागतात?

केंब्रिजला मार्शल आणि व्हर्नी यांनी १९३६ साली सशिणीच्या चेतासंस्थेतून विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा नराशिवाय बीज सुटलं. पुढच्याच वर्षी जेफ्री हॅरिस या तरुणाने प्रवाह नेमका मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात दिला. तेवढ्यानेही बीज सुटलं. म्हणजे स्पर्श आधी मेंदूत जातो, चेतातंतूंमधून. पण मेंदूतून बीजकोशाकडे? हायपोथॅलॅमसच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी लोंबते. तिच्या पुढच्या भागात चेतातंतू जवळजवळ नाहीतच. तिच्यात उतरतात त्या बारीक रक्तवाहिन्या. १९५२ साली हॅरिस आणि डोरा जेकबसन यांनी उंदरांची पिट्युटरी काढून दुसरीकडे लावली, तर चक्र बंद पडलं. तीच ग्रंथी हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली लावली, तर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि चक्र पुन्हा सुरू झालं. मेंदू या ग्रंथीशी तारेने बोलत नाही, रक्तातून चिठ्ठी पाठवतो. ही चिठ्ठी म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ती हुडकून काढायला अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमाँ या दोन प्रतिस्पर्ध्यांना लाखांनी डुकरं आणि मेंढ्या यांचे मेंदू गोळा करावे लागले. १९७१मध्ये तिची रचना कळली, १९७७मध्ये दोघांना नोबेल मिळालं. एकमेकांविषयी बरं बोलताना ते त्यानंतरही फारसे दिसले नाहीत.

मग अर्न्स्ट क्नोबिल यांची माकडं. पिट्सबर्गमध्ये त्यांनी ऱ्हिसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केला आणि ही चिठ्ठी बाहेरून देऊन पाहिली. सतत, न थांबता दिली, तर पिट्युटरी हळूहळू गप्प झाली. दर तासाला एकदा, काही मिनिटं, अशी ठोक्याठोक्याने दिली, तर पुन्हा बोलू लागली. त्याहून आश्चर्य म्हणजे ठोका महिनाभर तसाच एकसारखा ठेवला तरी बीज वेळेवर सुटलं. मेंदू नुसता ठेका धरतो. सम कधी येणार हे बीजकोश ठरवतो. वाढत्या फॉलिकलमधून इस्ट्रोजेन पुरेसं झालं की तोच मेंदूला आणि पिट्युटरीला सांगतो, आता. मग पिट्युटरीतून संप्रेरकाची लाट उसळते आणि सुमारे छत्तीस तासांत बीज सुटतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. अशा उपचारात बीज बाहेर काढण्याची वेळ ठरते ती याच तासांच्या हिशेबावर.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, बीजकोशाला रक्त मिळालं की झालं, चेतातंतूंची गरज काय? त्याला पुरावाही आहे. व्हिएन्नाच्या एमिल क्नाउअरने १८९६मध्येच सशिणींचे बीजकोश काढून दुसऱ्या जागी लावले होते आणि ते जगले होते. २००१मध्ये कुटलुक ओकताय यांनी दोन रुग्णांच्या बीजकोशाच्या पट्ट्या त्यांच्या स्वतःच्याच दंडाखाली, मनगटाच्या वरच्या भागात, कातडीखाली बसवल्या. तिथे फॉलिकल वाढलं, हाताला लागेल इतकं. बीजकोशाला मूळची चेतातंतूंची जोडणी नसली तरी तो काम करू शकतो, हे यातून सिद्ध झालं. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात.

थांबू नये. कारण 'करू शकतो' आणि 'तसाच करतो' यांत अंतर आहे. दुष्काळात विहिरीला पाणी नसलं तरी टँकरवर गाव चालतं. म्हणून विहीर बिनकामाची ठरत नाही.

आधी मेंदूकडे जाणारी वाट पाहू, कारण तिची साक्ष प्रत्येक घरात आहे. बाळ अंगावर पीत असेतोवर दिवस राहत नाहीत, असं आपल्या आज्या सांगायच्या. अर्धंमुर्धं खरं आहे ते. स्तनाग्रावरचा ओढा चेतातंतूंमधून पाठीच्या कण्यात आणि तिथून हायपोथॅलॅमसमध्ये जातो आणि मघाचा ठेका मंदावतो. बीज सुटत नाही. पण किती वेळा पाजलं याला महत्त्व आहे. कालाहारी वाळवंटातल्या कुंग समाजातल्या आया बाळाला दिवसभर कडेवर बाळगतात आणि तासातून अनेकदा, दोन-दोन मिनिटं पाजतात. कॉनर आणि वर्थमन यांनी १९८०मध्ये नोंदवलं की तिथे दोन मुलांमध्ये सरासरी ४४ महिन्यांचं अंतर पडतं, कुठल्याही गोळीशिवाय. फडात बाळ उसाच्या पाचटावर, साडीच्या झोळीत झोपलेलं असतं आणि आई मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवत असते. तिथे ही जुनी राखण कशी टिकणार?

हाच ठेका उपासमारीनेही मंदावतो, आणि अतिश्रमानेही. मेंदू शरीरातली शिल्लक पाहतो आणि या घटकेला गर्भ परवडणार नाही असं ठरवतो. या ठरवण्यात किसपेप्टिन नावाचा रेणू वापरणाऱ्या चेतापेशी पुढे असतात, हे २००३नंतर कळलं. (अमेरिकेतल्या हर्शी गावात १९९६ साली हा रेणू सापडला आणि तिथल्या प्रसिद्ध 'किस' चॉकलेटवरून त्याचं बारसं झालं. शास्त्रज्ञांनाही गंमत करावीशी वाटते.) पहाटे तीन-चारला उठून अंधारात ऊस तोडायला लागणाऱ्या, दुपारी शिळी भाकरी खाणाऱ्या बाईची पाळी मागेपुढे झाली, तर ती प्रत्येक वेळी 'पिशवीची' तक्रार नसते. कधी कधी तो मेंदूचा हिशेब असतो.

आता बीजकोशाच्या स्वतःच्या तारा. गर्भात बीजकोश तयार होतात ते मूत्रपिंडांच्या शेजारी. नंतर ते ओटीपोटात उतरतात, आणि उतरताना आपली धमनी नि चेतातंतू वरूनच ओढत आणतात. म्हणून बाईच्या बीजकोशाचा मुख्य धागा पाठीच्या कण्यातून, साधारण बेंबीच्या पातळीच्या मणक्यांतून निघतो आणि लांबून येतो. दुसरा धागा जवळचा. तो गर्भाशयाच्या बाजूने, गर्भाशयाच्या धमनीबरोबर येतो. दोन्ही बाजूंनी रक्त, दोन्ही बाजूंनी चेतातंतू. हे चेतातंतू फॉलिकलच्या बाहेरच्या थरापर्यंत आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात आणि तिथे नॉरॲड्रेनलिन सोडतात. भीती वाटली की छाती धडधडवणारं तेच.

सर्जिओ ओहेदा यांच्या प्रयोगशाळेने १९८०नंतरची वीसेक वर्षं हाच प्रश्न धरला होता. नवजात उंदरिणींत त्यांना दिसलं की पिट्युटरीचं संप्रेरक ऐकू येण्याच्या आधीच बीजकोशात चेतातंतू पोचलेले असतात, आणि त्यांनी सोडलेला एक रेणू बीजकोशाला ते ऐकायला तयार करतो. कान आधी चेतातंतूंनी उघडायचा, मग मेंदूचा निरोप ऐकू यायचा. हे तंतू लहानपणीच नष्ट केले तर फॉलिकल उशिरा वाढतात.

तारा जास्त झाल्या तरी बिघडतं. उंदरिणीला इस्ट्रोजेनचं विशिष्ट इंजेक्शन दिलं की तिच्या बीजकोशात गाठी होतात आणि बीज सुटणं थांबतं. आपल्याकडे शहरांतल्या मुलींत ज्याचं नाव वारंवार ऐकू येतं त्या पीसीओएसचा हा नमुना. अशा उंदरिणींच्या बीजकोशाकडे जाणारा वरचा चेतातंतू कापला, तर बीज पुन्हा सुटू लागलं. ओहेदांचे सहकारी, चिलीमधले एर्नान लारा यांनी हे १९९३मध्ये दाखवलं. लारांचाच दुसरा प्रयोग मला रात्री आठवतो. त्यांनी उंदरिणींना रोज तीन तास ४ अंश सेल्सियसच्या थंडीत ठेवलं. आठवड्यांनी त्यांच्या बीजकोशात नॉरॲड्रेनलिन वाढलं आणि गाठींसारखी रूपं दिसू लागली. शिकागोत स्टीन आणि लेव्हेन्थल यांनी तर १९३५ सालीच गाठी झालेल्या सात बायकांच्या बीजकोशाची फाक कापून काढली होती आणि त्यांची पाळी परत आली होती. त्या फाकेबरोबर काही चेतातंतू कापले गेले, हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानतात. उंदरावरून थेट बाईवर उडी मारता येत नाही, हे मान्य. पण जानेवारीच्या पहाटे फडात उभ्या असलेल्या बायका पाहिल्या की तो पिंजरा आठवतो खरा.

उंटाची गोष्ट न सांगता पुढे जाववत नाही. उंटिणीचंही बीज भेटीनंतरच सुटतं, पण तिथे काम करणारी गोष्ट स्पर्शापेक्षा नराच्या वीर्यातला एक पदार्थ आहे. दक्षिण अमेरिकेतल्या उंटाच्या भाऊबंदांना, लामांना, वीर्यातला द्रव नुसता स्नायूत टोचला तरी बीज सुटतं. हा पदार्थ कोणता याचा शोध कॅनडा आणि चिली इथल्या गटाने २०१२मध्ये लावला, तेव्हा तो निघाला चेतातंतूंची वाढ करणारा रेणू. हाच रेणू रिटा लेव्ही-माँताल्चिनी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर शोधला होता आणि त्यासाठी १९८६चं नोबेल मिळवलं होतं. चेतातंतूंचं खत म्हणून ओळखला गेलेला रेणू बीज सोडण्याची आज्ञाही देतो. चेतासंस्था आणि बीजकोश ही खाती आपण पुस्तकात वेगळी केली आहेत, शरीरात ती वेगळी नाहीत.

गर्भाशयही गप्प पिशवी नाही. लिओ लोब यांनी १९२३मध्ये गिनी पिगचं गर्भाशय काढलं, तर बीजकोशातला पीतपिंड मोडायचं थांबला आणि महिनोन्‌महिने टिकून राहिला. गाई-मेंढ्यांत गर्भाशयातून निघणारा पदार्थ शेजारच्या धमनीत पाझरून बीजकोशाला सांगतो, गर्भ राहिला नाही, पुन्हा सुरुवात कर. म्हशी-गाई माजावर आणण्यासाठी पशुवैद्य जे इंजेक्शन देतात ते याच पदार्थाचं. बाईत हा निरोप असा चालत नाही, तिचा पीतपिंड आपला आपण मोडतो. पण शेजार तोच आणि रक्ताची वाटही तीच.

तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर काय होतं? दोन प्रकार असतात. गर्भाशय काढून बीजकोश ठेवतात, किंवा दोन्ही काढतात. बीजकोश ठेवले तरी गर्भाशयाकडून येणारा धागा, त्याची रक्ताची फांदी आणि चेतातंतू, कापला जातोच. वरचा लांबचा धागा शिल्लक राहतो. त्यावर बीजकोश जगतो, पण किती वर्षं? न्यूझीलंडमध्ये सिंडी फार्क्वार यांनी २००५मध्ये दाखवलं की अशा बायकांची रजोनिवृत्ती सरासरी ३.७ वर्षं आधी येते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या पाहणीत, २०११मध्ये, चार वर्षांत असे १४.८ टक्के बीजकोश थांबले होते. शस्त्रक्रिया न झालेल्यांत ८ टक्के. यात रक्ताचा तुटवडा किती, चेतातंतूंचा किती आणि मुळातल्या आजाराचा किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पस्तिशीच्या बाईच्या दृष्टीने मात्र त्या वर्षांचा हिशेब तोच.

दोन्ही बीजकोश काढले तर प्रश्नच उरत नाही. रजोनिवृत्ती दुसऱ्या दिवशी येते, उतरणीने नव्हे, कड्यावरून. मेंदूला इस्ट्रोजेन दिसेनासं होतं, त्याचा ठेका बेफाम होतो, अंगाची लाही होते, झोप जाते. मिनेसोटात वॉल्टर रोका यांच्या गटाने दीर्घकाळ केलेल्या पाहणीत ४५च्या आत दोन्ही बीजकोश काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. स्मृतिभ्रंशाचंही. हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच. हाडांवरच ज्यांचं पोट आहे त्यांची.

शस्त्रक्रिया कधीच करू नये असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग, यांत ती जीव वाचवते. पण अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, या तक्रारींचं कारण पुष्कळदा संसर्ग असतं आणि त्यावर औषधं आहेत. पाण्याची सोय असलेला आडोसाही बराच इलाज करतो. 'पिशवी नाही काढली तर कॅन्सर होईल' या भीतीचं उत्तर तर बीडच्या शेजारीच शोधलं गेलं आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ४९७ गावांतल्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला. २००९मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा केली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. जगभरच्या डॉक्टरांनी तो अभ्यास वाचला. धारूरपासून बार्शी फार लांब नाही.

२०१९नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचे आदेश राज्यांना दिले. पण ज्यांची शस्त्रक्रिया आधीच झाली, त्या हजारो जणींना आजही नेमकं ठाऊक नसतं की त्यांच्या पोटात काय आहे आणि काय नाही. ते कळायला फार काही लागत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद लागतो. तो बहुधा ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली असतो. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'टीएएच' लिहिलं असेल तर गर्भाशय गेलं. पुढे 'बीएसओ' ही तीन अक्षरं असतील, तर दोन्ही बीजकोशही गेले, आणि त्या बाईला हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि इस्ट्रोजेन द्यावं का हे विचारायला डॉक्टरकडे पुन्हा जायला हवं. माजलगावच्या एसटीत मला ही अक्षरं माहीत होती, पण कागद तिच्याजवळ नव्हता. तो घरी होता आणि ती फडाला निघाली होती.